पोरांचे प्रश्न आणि आपला वर्ग : शिक्षक आणि पालक मला नेहमी विचारतात ते सगळं

मी सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठच्या एका झेडपीच्या शाळेत शिकवते. पहिली ते चौथी, दोघंच शिक्षक. माझ्या वर्गात एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत सुतळी बांधलीय आणि तिला कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी पोरांच्या प्रश्नांच्या चिठ्ठ्या लावलेल्या असतात. आमच्या केंद्राच्या (आसपासच्या शाळांचा गट) शिक्षण परिषदेत एकदा ह्या सुतळीबद्दल बोलले आणि तेव्हापासून फोन, मेसेज सुरू झाले, काही शिक्षकांचे, काही पालकांचे. तेच तेच प्रश्न परत येतात म्हणून इथं एकदाच सविस्तर लिहिते. एक गोष्ट आधीच सांगते, खाली सगळीकडं तीच येणार आहे. पोरानं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर लगेच द्यायलाच पाहिजे असं नाही, पण तो प्रश्न हरवू द्यायचा नाही.

प्रश्न : आमच्या वर्गात पोरं प्रश्नच विचारत नाहीत. सुरुवात कुठनं करू?

पोरं प्रश्न विचारत नाहीत असं नसतंय हो, ती आपल्याला विचारत नाहीत. खिचडीच्या लाइनीत उभं राहून ऐका, नळावर ताटं धुताना ऐका, नुसता पाऊस असतो. लंडनमध्ये बार्बरा टिझार्ड आणि मार्टिन ह्यूज ह्या दोघांनी चार वर्षांच्या मुलींचं घरातलं आणि बालवाडीतलं बोलणं रेकॉर्ड करून मोजलं होतं, १९८४ साली ते छापून आलं. घरी त्या मुली आईला तासाला सरासरी २६ प्रश्न विचारत होत्या आणि बालवाडीत बाईंना तासाला २. पोरगी तीच, डोकं तेच, नुसता उंबरठा बदलला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून बराच वेळ बसून राहिले, कारण माझंच आठवलं. तिसरीत असताना मी गुरुजींना विचारलं होतं की डोळे दोन आहेत तर एकच फळा का दिसतो. "लय शहाणी झालीस" म्हणून तास संपेपर्यंत उभं केलं आणि वर्ग हसला. त्यानंतर दहावीपर्यंत मी वर्गात स्वतःहून एकही प्रश्न विचारला नाही. गुरुजींना तो प्रसंग दुसऱ्या दिवशीसुद्धा आठवला नसेल, मला अजून आठवतोय.

तर सुरुवात अशी करा. एक वस्तू आणा आणि टेबलावर ठेवा. मी पहिल्यांदा उसाचं आख्खं टिपरं आणलं होतं, वाढ्यासकट. म्हटलं आज मी काही विचारणार नाही, तुम्ही विचारायचं, दहा मिनिटं, आणि मी उत्तर पण देणार नाही. पहिली दोन मिनिटं सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघत होते, बाईंना आज झालंय काय म्हणून. मग मागनं एकजण म्हणाला, "उसाला डोळं का म्हंत्यात, त्येला दिसतंय व्हय?" आणि धरण फुटावं तसं झालं. गोड बुडक्याला जास्त आणि शेंड्याला कमी का, उसाला बी असतं का, तुऱ्यात काय असतं, उसाच्या पानानं अंगाला खाज का येते, गूळ पिवळा आणि साखर पांढरी कशी. १० मिनिटांत फळा भरला.

ह्यात नियम तीनच पाळले. कुठल्याच प्रश्नावर "वा" किंवा "असं काय विचारतोस" म्हटलं नाही, मध्येच थांबून उत्तर दिलं नाही, आणि पोरगं जसं बोललं तसंच लिहिलं, म्हणजे "डोळं" म्हटलं तर "डोळं"च. अमेरिकेत डॅन रॉथस्टीन आणि लूझ सँटाना ह्यांनी ही पद्धत नीट बसवलेली आहे. "वा" का म्हणायचं नाही हे मला आधी पटलं नव्हतं, पण करून बघितल्यावर कळलं. एकाला वा म्हटलं की बाकीचे तसलेच प्रश्न तयार करायला लागतात आणि ज्याच्या मनात खरंच वेगळं काही होतं तो गप्प बसतो.

प्रश्न : मी विचारलं की वर्गात शांतता पसरते. मग मलाच उत्तर सांगावं लागतं.

किती वेळ थांबता? खरंच मोजून बघा. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन बाईंनी १९७०च्या दशकात वर्गांची रेकॉर्डिंग ऐकून हे मोजलं. शिक्षक प्रश्न विचारल्यावर साधारण १ सेकंद थांबतात आणि पुढं जातात. तेच ३ सेकंद थांबले तर उत्तरं लांब येतात, एरवी न बोलणारी पोरं बोलतात आणि पोरांचे स्वतःचे प्रश्न वाढतात. मी हात मागं घेऊन अंगठ्यानं बोटांची पेरं मोजते, एका बोटाची तीन पेरं झाल्याशिवाय तोंड उघडत नाही. पहिल्या आठवड्यात ती तीन पेरं लय लांब वाटतात, वर्ग हातातनं निघालाय असं वाटतं. तेवढा आठवडा निघू द्या.

प्रश्न : पोर्शन कसा पूर्ण होणार? आधीच ट्रेनिंग, ऑनलाइन माहिती, सर्व्हे.

हे दुखणं खरं आहे, मी पण त्यातच आहे. पण प्रश्नांसाठी वेगळा तास काढायचाच नाही. परिपाठात ५ मिनिटं सुतळीवरची एक चिठ्ठी वाचायची आणि शनिवारी सकाळच्या शाळेत ४० मिनिटं शोधायला द्यायची, बास. आणि ज्या घटकावर पोरांचे प्रश्न आधी घेतले तो घटक लवकर होतो हा माझा अनुभव आहे. चौथीला परिसर अभ्यासातला पाण्याचा भाग घ्यायच्या आधी मी प्रश्न गोळा करते, मग टाचणात त्यांच्या प्रश्नांच्या क्रमानं धडा लावते. दोन तासांचं काम दीड तासात होतं, कारण पोरं आधीच तिथं येऊन उभी असतात.

प्रश्न : मला उत्तर आलं नाही तर? पोरांसमोर मान जाते.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त शिक्षकांनी विचारलाय, आणि खाजगीत विचारलाय, ग्रुपवर नाही. म्हणून ह्यावर जरा जास्त लिहिते.

आमच्याकडं एक पोरगा शर्टावर हळदीचा डाग घेऊन आला. घरी हळद शिजवणं चालू होतं, हाताची हळद पांढऱ्या शर्टाला लागली. दुसऱ्या दिवशी तो डाग पिवळ्याचा तांबडा झालेला. "बाई, आईनं साबण लावला तर तांबडं झालं. ह्ये कसं काय ओ?" आणि मी, बीएससी नाही काही नाही, डीएड झालेली बाई, घाईघाईत सांगून टाकलं की साबणाचा रंग लागला असेल. तो म्हणाला साबण निळा हाय. वर्ग माझ्याकडं बघायला लागला.

त्या दिवशी मी म्हटलं, "मी मघाशी अंदाजानं सांगितलं, ते चुकलं. मला माहीत नाही. आपण बघूया." आणि चिठ्ठी लावली. माझी मान कुठं गेली नाही. उलट दुसऱ्या दिवशी पोरं घरनं काय काय घेऊन आली, लिंबू, चिंच, दही, चुलीतली राख, धुण्याचा सोडा, खायचा सोडा, आजोबांच्या चंचीतला चुना. हळदीच्या पाण्यात कोरे कागद बुडवून वाळवले, त्याच्या पट्ट्या कापल्या आणि एकेक थेंब टाकत गेलो (चुना मी स्वतः हाताळला, पोरांच्या हातात दिला नाही, डोळ्यात गेला तर वाईट भाजतं). साबणाच्या पाण्यानं पट्टी तांबडी, धुण्याच्या सोड्यानं तांबडी, चुन्यानं तर एकदम कुंकवासारखी, राखेच्या पाण्यानं विटकरी, खायच्या सोड्यानं जरा फिकट. लिंबू, चिंच, दह्यानं काहीच नाही, पिवळी ती पिवळीच. मग एका मुलीनं न विचारताच तांबड्या झालेल्या पट्टीवर लिंबू पिळलं आणि ती परत पिवळी झाली. तो आवाज मी विसरणार नाही, बावीस पोरं एकदम "ओऽऽ" म्हणाली.

घरी जाऊन वाचलं. हळदीत कुरकुमिन नावाचं रंगद्रव्य असतं, ते आम्लारीत (साबण, चुना असल्या, आम्लाच्या उलट पदार्थांत) तांबडं होतं आणि आम्लात पिवळं राहतं, हायस्कूलला लिटमस शिकवतात तोच प्रकार. पण मी हे नाव शेवटी सांगितलं, आधी पोरांनीच दोन गट पाडले, "तांबडं करणारं" आणि "न करणारं". आंबट लागतं ते सगळं एका गटात गेलंय हे त्यांना स्वतःला दिसलं. मी पहिल्या दिवशी "आम्लारीमुळं" म्हणून मोकळी झाले असते तर एक शब्द मिळाला असता आणि प्रश्न तिथंच मेला असता.

आणि तो मेला नाही म्हणून पुढं काय झालं बघा. ती चुन्याची पट्टी बघून एकजण म्हणाली मग कुंकू असंच करतात का. तिच्या पणजीला विचारून आली, होय, पूर्वी हळदीला चुना लावूनच कुंकू करायचे. मग हळद आली तशी हळदीची पेवं आली. सांगलीजवळ हरिपूरला जमिनीत खोदलेली खोल पेवं होती, वर तोंड बारीक आणि आत मोठं पोट, त्यात हळद वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची. २००५च्या महापुरात त्यांचं फार नुकसान झालं आणि आता बराच माल कोल्ड स्टोरेजला जातो. पेवात काम केलेले एक म्हातारे हमाल आम्ही शाळेत बोलावले. ते म्हणाले, पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही, आधी कंदील सोडायचा, कंदील विझला तर माणूस पण विझतो. वर्ग चिडीचूप. आणि मग चिठ्ठी आली, "कंदिलाला कसं कळतं?" शनिवारी आम्ही मेणबत्तीवर काचेचा ग्लास पालथा घातला, मग मोठी बरणी पालथी घातली, कुठली जास्त वेळ जळते ते आकडे मोजून लिहिलं. एका शर्टाच्या डागापासून इथपर्यंत यायला आम्हाला पाच आठवडे लागले, रोज ५-१० मिनिटं, आणि पोर्शन पण झाला.

सांगलीच्या हळदीला २०१८ साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. ते मी चौथीला सांगते तेव्हा ते सामान्यज्ञान राहत नाही, पोरं म्हणतात आपली हळद.

तर उत्तर येत नसेल तर सांगा येत नाही. पण "येत नाही" म्हणून सोडू नका, "येत नाही, कसं शोधूया?" एवढं पुढं जोडा. आणि चुकीचं सांगितलं असेल तर दुसऱ्या दिवशी वर्गासमोर दुरुस्त करा. मोठं माणूस चूक दुरुस्त करताना पोरांनी फार कमी वेळा बघितलेलं असतं.

प्रश्न : नेहमीची चार पोरंच विचारतात. मुली तर गप्पच.

म्हणूनच चिठ्ठी. तोंडानं विचारायला धीर लागतो, चिठ्ठी लिहायला कमी लागतो. नाव लिहायची सक्ती मी करत नाही. दुसरं म्हणजे दोघादोघांनी आधी एकमेकांना प्रश्न सांगायचा आणि मग जोडीदाराचा प्रश्न वर्गाला सांगायचा, स्वतःचा नाही. ह्यानं बुजरी पोरं फार पटकन मोकळी होतात, कारण हसलं तर दुसऱ्याच्या प्रश्नाला हसणार असतात आणि मग कोणी हसत नाही.

मुलींचं वेगळं बघायलाच लागतं. मी एकदा महिनाभर नुसत्या रेघा मारल्या, मुलग्याला विचारलं की त्यांच्या बाजूला एक, मुलीला विचारलं की त्यांच्या बाजूला एक. मला वाटत होतं मी सगळ्यांना सारखी संधी देते, रेघांनी तसं सांगितलं नाही. त्यानंतर मी ठरवून एक सोडून एक विचारते. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती आपण सगळेच करतो. त्यांचा जन्म १८३१ सालचा, शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या नायगावचा. भाषणं होतात, फोटोला हार होतो. आमच्याकडं त्या दिवशी अर्धा तास फक्त मुलींनी विचारायचं आणि मुलग्यांनी लिहून घ्यायचं. गेल्या खेपेला एकीनं विचारलं, "भांडी घासताना मी का आणि दादा का नाही?" लिहून घेणारा तिचाच भाऊ होता.

प्रश्न : फालतू प्रश्नांचं काय करायचं? मुद्दाम हसवायला विचारतात.

फालतू कुठला हे आपल्याला लगेच कळतं असं धरून चालू नका. "बैलाला आपण बैल आहे ते माहीत असतंय का?" ह्यावर मी पण आधी हसणार होते. मुद्दाम केलेली मस्करी असेल तर तीही तितक्याच गंभीरपणे फळ्यावर लिहा. हसू मिळालं नाही की मस्करी आपोआप थांबते, आणि त्यात एखादा खरा प्रश्न असेल तर तो वाचतो.

प्रश्न : पहिली-दुसरीला लिहिता येत नाही, चिठ्ठी कशी लिहिणार?

चित्र काढू दे. नाहीतर चौथीचं पोरगं लेखनिक. आमच्याकडं पहिलीतल्या एका पोरानं नुसतं गोल काढून खाली पाय काढले होते, विचारल्यावर कळलं, "चांद माझ्याबरं का चालतोय?"

प्रश्न : बहुवर्ग शाळा आहे, एक शिक्षक दोन-दोन वर्ग. जमेल का?

बहुवर्गातच जास्त जमतं. पहिली-दुसरीला वाचन देताना तिसरी-चौथीला एक चिठ्ठी आणि शोधायला साहित्य द्यायचं. आपण मध्ये नसलो की पोरं एकमेकांशी वाद घालतात आणि तो वादच हवा असतो. आणि लहान पोरं कान टवकारून ऐकतात, पुढच्या वर्षी तेच प्रश्न घेऊन येतात.

सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटच्या (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडच्या शाळा) शाळा बघायला राज्यभरातनं शिक्षक जायचे ते तुम्हाला आठवत असेल. पुढं बऱ्याच जणांनी फरशीवर रंगानं आकडे आणि अक्षरं काढली. फरशी रंगवणं सोपं होतं म्हणून तेवढं सगळीकडं पोचलं. पोरगं स्वतः करून, बोलून, चुकून शिकतं आणि बाई मध्ये मध्ये करत नाहीत हे त्यातलं खरं सोनं, ते रंगाच्या डब्यात मिळत नाही.

प्रश्न : साहित्य नाही, प्रयोगशाळा नाही.

हळद, चुना, लिंबू, मेणबत्ती, बरणी. वर लिहिलेल्या पाच आठवड्यांत आमचे पैसे गेले ते मेणबत्तीचे. तासगावकडची शाळा असेल तर द्राक्षं आणि बेदाणा आहेच. रात्रभर पाण्यात बेदाणा टाका आणि सकाळी बघा टम्म झालेला, पण परत द्राक्ष का झालं नाही हे विचारा पोरांना. साधारण ४ किलो द्राक्षाचा १ किलो बेदाणा होतो, मग ३ किलो गेलं कुठं? तिसरीचं वजनाचं गणित ह्यातनं होतं.

मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली १६ शाळांपासून एक विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला होता, खेड्यातल्या साध्या शाळा, हातानं करून शिकायचं. त्यात सवालीराम म्हणून एक काल्पनिक पात्र होतं, पोरं त्याला पत्रं लिहून प्रश्न विचारायची आणि त्यांना खरंच उत्तर यायचं. मला ते इतकं आवडलं की आमच्या चौथीनं पण एक वर्ष पोस्टकार्डं लिहिली, पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना, एसटीच्या ड्रायव्हरकाकांना, मिरजेला सतार बनवणाऱ्या एका कारागिरांना. सगळ्यांची उत्तरं नाही आली. सतारवाल्यांनी मात्र पत्रातनं भोपळ्याच्या बिया पाठवल्या, "ह्याचाच भोपळा लागतो, लावून बघा" म्हणून. शाळेच्या कुंपणाला वेल गेला.

प्रश्न : देवाधर्माचे, जातीचे, "बाळ कुठनं येतं" असले प्रश्न आले तर? पालक तक्रार करतात.

तीन वेगळ्या गोष्टी आहेत त्या.

श्रद्धेचं आधी. शिराळा आपल्याच जिल्ह्यात, नागपंचमी जवळ आली की हमखास चिठ्ठी येते, "साप दूध पितो का?" मी घरच्यांवर काही बोलत नाही. आई चुकीची आहे असं पोराला वाटलं की ते आईला पण विचारायचं थांबवतं आणि मला पण. साप काय खातो हे शोधायला लावते, दात कसे, ओठ कसे, शेतात तो कशाच्या मागं येतो. सर्पमित्रांना बोलावते. साप मांसाहारी, दूध हे त्याचं अन्न नाही, फार तहानलेला असला तर समोर ठेवलेलं पिऊ शकतो, हे सरळ सांगते. घरी जाऊन काय बोलायचं ते पोरं आपापलं ठरवतात.

बाळाचं, वयाला पेलेल एवढं खरं सांगायचं. आईच्या पोटात गर्भाशय नावाची पिशवी असते, तिथं वाढतं. पहिली-दुसरीला एवढं पुरतं. देवानं दिलं, दवाखान्यातनं आणलं असलं सांगू नका.

जातीच्या प्रश्नावर मात्र मी टाळाटाळ अजिबात करत नाही. ७ नोव्हेंबरला आपण विद्यार्थी दिवस करतो, १९०० साली त्या दिवशी बाबासाहेबांचं नाव साताऱ्याच्या शाळेत घातलं गेलं. एका वर्षी मी सांगत होते की त्यांना शाळेत पाण्याच्या भांड्याला हात लावू देत नव्हते आणि चौथीतलं एक पोरगं म्हणालं, "बाई, पाणी तर सगळ्यांचंच असतंय की, मग का?" ह्याला "तो काळच तसा होता" हे उत्तर नाही. मी सांगितलं की माणसांनी केलेला तो अन्याय होता, काही लोक त्याला धर्म म्हणायचे, कायद्यानं आता तो गुन्हा आहे, आणि अजून पूर्ण थांबलेला नाही. वर्गात कोण कुठल्या गल्लीतनं येतं हे सगळ्यांना माहीत असतं, आपण गप्प बसलो तर त्या गप्प बसण्यातनं पण पोरं काहीतरी शिकतात.

प्रश्न : पुराच्या वेळी पोरं घाबरलेली असतात. तेव्हा प्रश्न कशाला?

घाबरलेली असतात म्हणूनच. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, १९२९ सालचा तो पूल. शाळा पुन्हा भरली तेव्हा वर्गाला चिखलाचा वास, तक्ते गेलेले, पहिले काही दिवस पोरं नुसती बसून असायची. मी शिकवायचं काढलंच नाही. कागद दिले, जे मनात येतंय ते लिहा म्हटलं. आमची म्हैस पोहत गेली असंल का. बोटीत आधी कुणाला घ्यायचं ते कोण ठरवतं. पाणी परत येणार का. ह्यातल्या काही प्रश्नांना उत्तर नसतं, जवळ बसायचं असतं, मी बसले.

आठवड्यानं वेगळे प्रश्न यायला लागले तेव्हा कळलं की पोरं सावरतायत. "पाणी फुटात का मोजतात, लिटरमध्ये का नाही?" "४५ फूट म्हणजे नदी ४५ फूट खोल का?" आयर्विन पुलाला ४० फूट इशारा पातळी आणि ४५ फूट धोका पातळी, हे आकडे इथल्या लहान पोरांना पण पाठ असतात, अर्थ मोठ्यांना पण माहीत नसतो. आम्ही वर्गाच्या भिंतीवरची पाण्याची खूण टेपनं मोजली आणि प्रत्येकानं तिथं उभं राहून बघितलं पाणी आपल्या कुठपर्यंत आलं असतं. मग कोयना १०५ टीएमसीची म्हणजे काय हे आलं. पुठ्ठ्याचा एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच खोका केला. त्यात साधारण २८ लिटर मावतं, म्हणजे जवळजवळ दोन हंडे. असे १०० कोटी खोके म्हणजे १ टीएमसी. एक पोरगं त्या खोक्याकडं बराच वेळ बघत होतं, मग म्हणालं, "म्हणजे नदी मुद्दाम नाही आली. तिला जागाच न्हवती."

प्रश्न : पोरांना सरळ मोबाईलवर, एआयला विचारू दिलं तर?

द्या, पण शेवटी. आधी पोरानं स्वतःचा अंदाज चिठ्ठीच्या मागं लिहायचा, मग गावात कुणाला माहीत असेल ते विचारायचं, मग फोन. अंदाज लिहिला नसेल तर फोन जे सांगेल ते पोरगं गिळतं. लिहिला असेल तर भांडतं त्याच्याशी. आणि फोन पण चुकतो, हे एकदा वर्गात दाखवा, आपल्या गावाबद्दल काहीतरी विचारा आणि उत्तर पोरांकडनं तपासून घ्या.

प्रश्न : ऊसतोडीला आलेल्यांची पोरं, जतकडची कन्नड बोलणारी पोरं काहीच बोलत नाहीत.

त्यांच्या भाषेत विचारू द्या. आपल्याला कळलं नाही तर पोरं सांगतात अर्थ. बीडकडनं आलेल्या एका मुलीला पहिले पंधरा दिवस तोंड नव्हतं. ज्या दिवशी उसाचं टिपरं टेबलावर आलं त्या दिवशी तीच बोलली, कोयता कुठं मारायचा, मोळी कशी बांधायची, पाचट कसं कापतं. सगळा वर्ग तिला विचारत होता. हंगाम संपल्यावर ती गेली, तिच्या चिठ्ठ्या मी तिच्या दप्तरात घालून दिल्या.

प्रश्न : साहेब तपासणीला आले आणि म्हणाले हा काय गोंधळ, तर?

शिक्षण हक्क कायदा २००९, कलम २९. पोरांना भीतीमुक्त ठेवणं, मोकळेपणानं मत मांडायला मदत करणं, कृतीतनं आणि शोधातनं शिकणं, सगळं त्यात लिहिलेलं आहे. पण खरं सांगू का, कायदा काढायची वेळ माझ्यावर आली नाही. एकदा साहेब आले, सुतळी बघून कपाळाला आठ्या, मग एक चिठ्ठी वाचायला लागले, मग दुसरी, आणि खुर्ची ओढून पोरांत बसले.

प्रश्न : पालक म्हणून घरी काय करू? दिवसभर "का, का" करून डोकं उठवतो.

वैतागला तर वैताग सांगा की, "आत्ता भाकऱ्या टाकतेय, रात्री सांग." फक्त रात्री तुम्ही आठवण काढा, त्यानं नाही. "मघाशी काय विचारत होतास रे?" ह्या एका वाक्यानं पोराला जे कळतं ते दहा उत्तरांनी कळत नाही. आणि शाळेतनं आल्यावर "आज काय शिकवलं?" ऐवजी कधीतरी "आज काय विचारलंस?" म्हणून बघा.

प्रश्न : वर्ष संपल्यावर उरलेल्या चिठ्ठ्यांचं काय करता?

ज्यांचं उत्तर सापडलं त्या एका वहीत चिकटवतो, मागं उत्तर आणि ते कुणाकडनं मिळालं त्याचं नाव. न सापडलेल्या सुतळीवरच राहतात, जूनमध्ये नवीन तिसरी येते तिला आयत्या मिळतात. चौथीची पोरं मोठ्या शाळेत जाताना आपापली चिठ्ठी नेऊ शकतात, बरीचशी नेत नाहीत. "चांद माझ्याबरं का चालतोय" ते चित्र अजून तिथंच आहे, पिवळं पडलंय. ते काढणारा आता हायस्कूलला आहे, एसटीची वाट बघत स्टँडवर असला की खिडकीतनं डोकावून विचारतो, "बाई, हाय का अजून माझा चांद?"